पलंगाखालचं झाकण

मंगळवार, दुपार

प्रिय धाकटे,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं.

खानावळ चालू आहे. पानात गुंडाळून वाफवलेले मासे तेवढे बंद. मोठ्या पातेल्याचं झाकण दुरुस्तीला दिलंय, असं आईला सांगितलंय. ते माझ्या पलंगाखाली आहे. शाळेत पोरांकडून सत्याची सुभाषितं घोकून घ्यायची आणि घरी झाकण लपवायचं. दमलो गं.

झालं असं, शिंपीकाका मासे जेवून गेले आणि संध्याकाळी ओठ सुजवून आले. बोलता येईना, गल्लीला तेवढाच विसावा. आई म्हणाली, "दाढ किडली असेल मेल्याची."

तुला ठाऊकच आहे, ओढ्याकाठच्या त्या दोन वेली एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, पानं जुळी. मासे गुंडाळायच्या खऱ्या पानाला चुरगाळल्यावर आल्यासारखा वास, दुसरीच्या पानाला वास नाही, नुसती सूज. आई अजून प्रत्येक पान चुरगाळते, नाकाशी नेते, "हं, हेच" म्हणते.

परवा तिच्या शेजारी चुलीवर दूध करपून कोळसा झालं. शेजारीण ओरडत आली. आई शांतपणे भाजी निवडत होती. मागच्या तापात तिचं नाक गेलंय. ती ते माझ्यापासून लपवते, मी झाकण तिच्यापासून. मीही घरातच होतो म्हणा, पण माझं नाक तपकिरीनं केव्हाच खाल्लं. पर्ण, पत्र, दल, छद, सगळी नावं पाठ. एकाही नावाला वास नाही.

तिला तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नाही. पानं ओळखणं सोडलं, तर ती स्वतःला ओळखणार कशी?

"तुझी पानं, तुझी खानावळ, तूच सांभाळ," म्हणून तू गेलीस, तेव्हापासून तिनं तुझं नाव घेतलं नव्हतं. काल पानांची टोपली पुसता पुसता म्हणाली, "धाकटीचं नाक माझ्यावर गेलंय." मग बराच वेळ टोपलीच पुसत बसली. टोपली स्वच्छच होती.

तुझ्याकडून ओळखून घ्यायला दोन पानं पाकिटात घालणार होतो. पण वाळलं की वास उडतो, हे लहानपणी तूच मला शिकवलंस, वर 'ढ' म्हणालीस. तेव्हा उत्तर लिहू नकोस. ये. भांडायला आलीस तरी चालेल. टोपलीशेजारी बसून भांड.

तू दारात दिसलीस की झाकण दुरुस्त होऊन येईल.

तुझा ढ
दादा