ओली चकती

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं. गुडघे कुरकुरतात, पण तो त्यांचा स्वभावच आहे. अक्षर जरा मोठं आलंय, पेन नवं आहे.

या खेपेला पत्राला कारण म्हणजे एक चकती. आमच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनवर चालणारा छोटा फ्युएल सेल करतायत, हे तुला माहीत आहे. बॅटरीसारखाच, पण गॅस मिळेल तोवर वीज देणारा. त्याच्या मधोमध माझी सिरॅमिकची चकती बसते, कोटाच्या गुंडीएवढी, अंगभर बारीक भोकं असलेली. जन्मभर भट्टीवर भोक दिसलं की माल बाद केला, आणि म्हातारपणी भोकांसाठीच पगार घेतोय.

पण कित्येक महिने सेल ढिम्म. संशय माझ्या चकत्यांवर, आणि काम गुंडाळायची भाषा सुरू झालेली. परवा आमच्या प्रमुख मॅडम सहज भट्टीपाशी आल्या, तेव्हा मी चाचणीची चकती ओव्हनमध्ये सरकवत होतो.

"काका, हे काय करताय?"

"वाळवतोय. ओला माल कुणी तपासायला देतं का?"

त्या मटकन स्टुलावर बसल्या. "अहो, त्या भोकांत पाणी राहायला हवं. हायड्रोजनचे प्रोटॉन त्या पाण्यातूनच पलीकडे जातात, तेव्हा वीज मिळते. तुम्ही त्यांची वाटच सुकवून टाकताय."

भट्टीवाल्याची सवय, दुसरं काय. सांगायचं मला सुचलं नाही, विचारायचं त्यांना.

काल चकती दमट ठेवूनच बसवली आणि सेलला जोडलेला दिवा लागला. इवलासा, हिरवा होता म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काम आता चालू राहणार.

"म्हणे" का, ते सांगतो. मी हातभर अंतरावर उभा होतो, चिमणे, आणि मला तो दिसला नाही. सगळे हसले तसा मीही हसलो. घरी आल्यावर मात्र रडू आवरेना.

तू मोतीबिंदूचं म्हणतेस आणि मी कामाचं निमित्त सांगून टोलवतो. कामबिम काही नाही. डोळ्याला हत्यार लागणार या विचारानेच हातपाय गार पडतात. हल्ली चकत्यासुद्धा मी बोटांनीच तपासतो, हे इथे कुणाला ठाऊक नाही.

आता बऱ्याच चकत्या एकावर एक रचून मोठा दिवा लावायचाय. तो लागला की नाही, हे मला लोकांच्या टाळ्यांवरून ओळखायचं नाही. डॉक्टरांकडे तारीख घे. मी येतो. ऐनवेळी कच खाल्ली तर हे पत्र मला दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखव, सगळ्यांसमोर.

तुझा भित्रा, पण नक्की येणारा,
बाबा