खालून कापलेल्या अकरा ओळी

शनिवार, ४ जानेवारी
एसटीला उशीर. घाटात धुकं. कोयनानगरला पोचलो तर दहावीची पोरं माझ्या शनिवारच्या लेखनवर्गाबाहेर उन्हात उभी — ऊन कसलं! नऊच जण. गेल्या वर्षी चौदा होते. धरणाच्या कॉलनीतली क्वार्टर्स एकेक करून बंद होतायत.

आज विज्ञानकथा वाचली. परग्रहावरचा प्राणी तोंड उघडतो तिथेच थांबलो. म्हटलं, पुढे काय बोलेल ते लिहा. जयराज म्हणाला, "सर, त्यो मराठी बोलतो व्हय?" मागून शिवांजली — "तुझं ऐकलं तर आल्या वाटंनं परत जाईल की रं!" सगळे हसले. अरिबा नाही. ती लिहीत होती.

वार्षिक अंकासाठी गोष्टी मंगळवारपर्यंत. सहाशे शब्द. मुदत म्हणजे मुदत!

मंगळवार, ७ जानेवारी
क्रांती मॅडमनी — मुख्याध्यापिका — वह्यांचे फोटो फोनवर पाठवले. आठ गोष्टी ठीक. नववी अरिबाची.

चंद्रावर बर्फाचं धरण. त्याच्या पायथ्याशी कॉलनी, क्वार्टर नंबर, भोंगा, रोजचे छोटे हादरे. बाप विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यांना तारेचे नवे वेढे घालतो; मुलगी त्याच्या हाताखाली शिकते. पृथ्वीवर जाणाऱ्या यानात एक जागा रिकामी आहे. ती बसते. इतकं कोरडं, इतकं नेमकं! पंधराव्या वर्षी मी असं लिहिलं नव्हतं. नंतरही नाही.

तिला अकरावीला सांगलीला जायचंय. नियाजभाईंनी, तिच्या वडिलांनी, अजून हो म्हटलेलं नाही. बाजारात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे.

गुरुवार, ९ जानेवारी
कराडला प्रेसमध्ये पानं लावली. मॅडमचं मनोगत वाढून आलं, अरिबाची गोष्ट अकरा ओळी जास्त झाली. खालून कापली. पाच मिनिटांत पान बसलं. सांगलीला वृत्तपत्राच्या डेस्कवर एकतीस वर्षं हेच केलं — महत्त्वाचं वर, कापायचं खालून.

शनिवार, १८ जानेवारी
अंक वाटले. अरिबाने आपलं पान काढलं, पाहिलं, मिटलं.
"सर, शेवट?"
"जागा नव्हती गं."
"बरं."

शुक्रवार, २४ जानेवारी
मॅडमचा फोन. अरिबाला उद्या वर्गाला पाठवणार नाहीत. दहावीनंतर सांगली बंद. नियाजभाईंनी छापलेली गोष्ट वाचली. दुकानात गिऱ्हाइकांनीही वाचली. कुणीतरी म्हणालं, पोरीनं जाणार म्हणून आधीच सांगून ठेवलंय की!

वहीचा फोटो पुन्हा काढून बघितला. कापलेल्या अकरा ओळींत मुलगी परत येते. बारा वर्षांनी. बाप म्हातारा झालाय, हात थरथरतात. त्याच्या हातातली तार ती घेते आणि उरलेले वेढे पूर्ण करते.

बातमी खालून कापता येते. गोष्ट नाही. दर शनिवारी पोरांना हेच शिकवत होतो — आणि स्वतः!



शनिवार, २५ जानेवारी
वर्ग लवकर सोडला, दुकानात गेलो. नियाजभाई पंखा उघडून बसले होते. मान वर केली नाही.

"आवं सर, तुमच्यावर भरवसा टाकून पोरगी पाठवली. ती लिवती काय, तर बापाला सोडून चालली. मागं वळून बी बघत न्हाई!"

म्हटलं, चूक माझी. शेवट मी कापला. फोन पुढे केला. त्यांना अक्षर लागेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"परत येती व्हय?"
"येते."
"तुमी सांगताय म्हंजे..."

पेचकस पुन्हा उचलत म्हणाले, "सांगलीत विश्रामबागेत माझी भन हाय, जरिना. तिच्याकडं ऱ्हाईल. जाऊ दे."

परतीच्या एसटीत बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एका पोरीचं शिक्षण अकरा ओळींवर लटकावं, हे काही बरं नाही. पण झालं ते झालं.

शनिवार, १ फेब्रुवारी
अरिबा आली. वर्ग सुटल्यावर एकटीच थांबली. वही दप्तरात भरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, त्या ओळी अब्बांसाठी लिहिल्या होत्या. तुम्ही कापल्या तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं. ती यानात बसते, माझी गोष्ट तिथंच संपते."

खाली आलो. फाटकाशी नियाजभाई उभे होते. माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता.