पालथे सात दिवस

चि. त्र्यंबक यास,

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्यावर अचानक काळी सावली उतरली. आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सात दिवस पालथे झोपवले. त्या काळात मला माणसांचे फक्त पाय दिसत.

रोज सकाळी दोन पाय उंबऱ्याशी थांबून न बोलता परत जात. सूनबाई जयमालेला विचारले. "कोनी नाई, मामाजी. दूधवाला होता." परंतु कुऱ्हाडीने करंगळी तुटलेला डावा पाय दूधवाल्याचा नाही, तुझा आहे.

माझा संशय सरळ आहे. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे आपल्या दोघांमधल्या बांधाचा, दावा तू लावलास आणि तो मी स्वतः लढतो; माझी दृष्टी गेल्यास लाभ तुझा. तेच पाहायला तू येत होतास. मात्र आठव्या दिवशी पट्टी सुटली, मी उठून बसलो, आणि नेमका त्या दिवशी तू आला नाहीस. टेहळणी करणाऱ्याने तो दिवस चुकवला नसता.

तुझा खुलासा मागण्यासाठी हे लिहायला घेतले. पण 'मी आलोच नव्हतो' असे तू कळवलेस, तर मला ते मानावे लागेल, आणि ते मानण्याची माझी तयारी नाही. म्हणून पत्र टपालात टाकत नाही.

तुझा प्रतिवादी आणि थोरला भाऊ,
पुंडलिक