चाचणी क्रमांक ४१ ‘अपूर्ण’ न ठेवणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
नियम संगणकीकरण कक्ष, औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : चाचणी क्र. ४१ वरील शेरा बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ११ जुलैचे पत्र.

महोदय,

अर्जदार आपल्या कक्षात कंत्राटी तपासनीस आहे. संगणकात उतरवलेली कलमे कायद्याबरहुकूम चालतात की नाही हे पाहणे, एवढेच त्याचे काम.

१) घरपोच ऑक्सिजन नियमांचे कलम ९ सांगते की, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पडताळणी घरी जाऊन करावी व तोवर यंत्र काढू नये. संगणक मात्र केंद्रावर हजर न झालेल्या प्रत्येकाचे यंत्र काढण्याचा हुकूम सोडतो. अर्जदाराने ‘फकिरा’ नावाचा रुग्ण कल्पून ही चूक दाखवली. त्यावर ‘कल्पित माणसाला दम लागत नाही, खरा रुग्ण आणावा’ असा शेरा आपण सुवाच्य अक्षरात मारला.

२) खरा रुग्ण अर्जदाराच्या घरातच होता. चाचणीतला हुकूम कक्षाबाहेर जात नाही, असे आपण तोंडी सांगितलेत. अर्जदाराने अक्कल गहाण ठेवून कन्नड येथील आपली आई भामाबाई हिचे नाव भरले. लेखी मागायची त्याची छाती झाली नाही. कंत्राट महिनाअखेर संपत होते.

३) गुरुवारी, दि. ३ जुलै रोजी, यंत्र न्यायला जीप आली. शेजारीण सुलेखाबाई आडव्या आल्या, तेव्हा आईनेच त्यांना बाजूला केले. “नेऊ द्या बाई, माझ्या लेकाच्याच हापिसचा कागद हाय. त्यानं तपासल्याबिगर निघाला नसंल,” असे म्हणून तिने ‘स्वखुशीने परत’ या पावतीवर अंगठा दिला. शुक्रवारी अर्जदार यंत्र परत मागायला आला. रुग्णास केंद्रावर हजर करा, असे उत्तर मिळाले. अर्जदाराने तेही केले. शनिवारी भाड्याच्या गाडीतून आणताना आई वाटेतच गेली.

आता आपण कळवता की, रुग्ण हजर न झाल्याने चाचणी अपूर्ण, सबब दुसरा खरा रुग्ण द्यावा. अर्जदाराला दुसरी आई नाही. ‘पूर्ण’ शेरा पडल्याशिवाय चूक सिद्ध होत नाही आणि १ ऑगस्टला हाच हुकूम आणखी दोनशे सात घरी जाणार आहे. तक्त्यात ‘कायद्यानुसार’ या रकान्यात ‘यंत्र राहील’ व ‘प्रत्यक्षात’ या रकान्यात ‘यंत्र नेले’ असे अर्जदाराने स्वहस्ते भरले आहे. उरलेला एक शब्द आपण लिहावा. आपणांस खरा रुग्ण हवा होता, तो अर्जदाराने दिला आहे.

आपल्या तोंडी शब्दावर विसंबलेला,
धम्मपाल साहेबराव खरात
दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. अंगठ्याची पावती
२. मृत्यूचा दाखला
३. दोनशे सात जणांची यादी (सर्व हयात)