पणदऱ्याहून तक्रार नाही

३ फेब्रु.
आमच्या दूध-नोंदणीच्या सॉफ्टवेअरबद्दल केंद्रांवरून आलेल्या तक्रारींचा तक्ता साहेबांना दाखवला. इंदापूरकडच्या ढीगभर. पणदऱ्याजवळच्या वस्तीवरचं केंद्र : शून्य. गेल्या वर्षीही शून्य. साहेब खूश. "जाऊन बघून या. नव्या मॅन्युअलमध्ये आदर्श केंद्र म्हणून टाकू." मॅन्युअल मी लिहिलेलं, म्हणून मीही खूश. खोटं कशाला बोलू.

५ फेब्रु.
सकाळी सहाला केंद्रावर. थंडी मरणाची. दूध मापून नोंदवायचं मशीन चालवतात मालनताई. पन्नाशीच्या. हात असा भरभर की रांग थांबतच नाही. माझं मॅन्युअल कुठंय विचारलं.
"फॅट मशीन हालत हुतं. त्याच्या पायाखाली ठिवलंय."
मग खिळ्याला टांगलेली वही दिसली. पेंडीच्या पोत्याचं कव्हर. आत :
'लाइट जाऊन आली की शेवटचं नाव दोनदा येतं. आधी बघ, मग एक पुस.'
'म्हशीनंतर गाय आली तरी खूण म्हशीवरच राहते. दोनदा मागं जा.'
पानापानावर आमची एकेक चूक, तारखेसकट.
"ताई, कळवलं का नाही?"
"पैल्यांदा कळवाया गेले की. फॉर्मात म्हणं, तक्रारीचा योग्य प्रकार निवडा. योग्य कंचा ते कुठं लिवलंय? मग म्हणलं, आपलं आपणच बघावं."
ते वाक्य माझं. मॅन्युअलमध्ये तर 'योग्य तो पर्याय निवडा' जागोजाग. येताना गाडीवर स्वतःला शिव्या घालत आले.

९ फेब्रु.
साहेबांना सांगितलं, तिथं तक्रार करणंच सोडून दिलंय. म्हणाले : वही आणा, नव्या मॅन्युअलमध्ये घ्या, मार्चअखेर बाहेर काढू. मी म्हटलं, फॉर्मही बदलायचा. एकच रिकामा चौकोन, नाहीतर बोलून पाठवा. हे बरं लगेच ऐकलं.

१२ फेब्रु.
वही मागितली. मालनताईंनी काखेत घट्ट धरली.
"दूध संस्थेच्या सचिवाला हितं सुनेला बसवायचंय. पर मशीन अडलं की मलाच हाक मारत्यात, म्हणून मी हाय. वही छापली की कुणीबी चालवील. मग माझं काय?"
चहा दिला त्यांनी. वही न घेताच परत आले.

१३ फेब्रु.
न छापावं तर बाकीची केंद्रं गाईचं दूध म्हशीच्या नावावर घालत बसणार, आणि रांगेत भांडणं. छापावं तर बाईच्या पोटावर पाय. दिवसभरात एक ओळ लिहिली नाही.

१६ फेब्रु.
दुपारी मालनताई स्वतः ऑफिसात. एसटीनं आल्या.
"छापा. पर वर माझं नाव घाला. पुस्तकात नाव असल्यावर उठवताना इचार करतील."
शब्द दिला. वही हातात ठेवून म्हणाल्या, "लवकर आणून द्या. खिळा मोकळा बघवत न्हाय."

४ मार्च
मसुदा पुरा. पानं निम्मी झाली. 'योग्य' शोधून शोधून काढला. पहिल्याच पानावर : 'ही माहिती मालनताईंच्या वहीतून.' साहेबांनी नेमकी तेवढी ओळ खोडली. "मॅन्युअलमध्ये नावं नसतात. उद्या प्रत्येक केंद्र मागेल." मागू देत की! भांडले. हरले.
मालनताईंना अजून कळवलेलं नाही. भित्री आहे मी.

२८ मार्च
मॅन्युअल सगळीकडे पोचलं. इंदापूरकडचे फोन एकदम कमी. साहेबांनी पेढे मागवले. मी घेतला नाही, दात दुखतोय म्हटलं.

२ एप्रिल
नव्या फॉर्मवर पणदऱ्याची पहिली तक्रार. बोलून पाठवलेली. मागं कॅनचा खडखडाट.
"वहीतलं समदं बराबर आलंय. नाव न्हाय आलं. सचिवाची सून कालपास्नं शेजारी बसून पुस्तक वाचतीया. लई सोपं लिवलंय म्हणती."
तीनदा ऐकलं.
साहेब म्हणाले, ही काही सॉफ्टवेअरची तक्रार नाही, बंद करून टाका.
नाही केली. आमच्या नोंदीत लिहिलं, प्रकार : मॅन्युअलमधली चूक. जबाबदार : माझं नाव. वही अजून माझ्याच टेबलावर. उद्या सहाला घेऊन जायचं. तिथं काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.