बाईबॅक

३ जून, बोरी

डोकं उठलं! आमच्या गावच्या कापसाच्या जिनिंग कंपनीच्या सभेत मॅनेजर योगीराज नवीनच खूळ घेऊन उभा राहिला – बायबॅक. म्हणजे कंपनी आपलेच शेअर आमच्याकडून विकत घेणार अन् रद्द करणार. एवढंच! तर धुरपताबाई दणकन उठली – "बाईबॅक? बायांचे शेअर वापस घ्यायलेत? कंपनी काढताना आमी चाललो, अन् आता न्हाई?"

पुरुष हसले. बाया हसल्या नाहीत.

४ जून

घरोघर सांगत फिरले – अगं, बाय म्हणजे विकत घेणं! कोण ऐकतंय? "मास्तरीणबाई, तुमाला त्यांनीच पढवलंय."

९ जून

अर्पिताला पुण्याला फोन केला. पोरगी सीएचं शिकते, निदान आईचं ऐकून घेते. म्हणाली, "नफा तेवढाच राहतो गं. शेअर कमी झाले की शेअरमागं जास्त दिसतो." अन् त्याच आकड्याच्या जोरावर योगीराज पुढच्या सभेत ऑप्शन मागणार, सभेच्या कागदात बारीक अक्षरात आहे – भाव कितीही चढो, त्याला शेअर जुन्याच दहा रुपयांत! आमचे कमी करायचे अन् स्वतःचे वाढवायचे. वर नवीन मशीनसाठी ठेवलेला पैसा ह्यात चाललाय.

घरात सांगितलं तर हे म्हणतात, "भाव चांगला द्यायलेत. उगं खुसपट काढू नको."

२० जून

ह्यांनी आपले शेअर विकले! सगळे! मला न विचारता. धुरपताबाईच्या किशनरावांनीही. गावातल्या बहुतेक गड्यांनी. पारावर पेढे वाटायलेत. संतापात भाकर करपली, तीच वाढली.

बायांनी मात्र एक शेअर दिला नाही. "बाई वापस जाणार न्हाई!" पुन्हा समजावलं. पुन्हा तेच. हात टेकले.

१ ऑगस्ट

अहवाल आला. शेअरमागं नफा लय वाढला म्हणे! एकूण नफा गेल्या वर्षाएवढाच. हे मलाच ऐकवतात, "बघ, विकायची घाई झाली." कपाळ माझं!

१४ ऑगस्ट

आज ऑप्शनचा ठराव होता. एका शेअरला एक मत. ह्यांनी सवयीनं हात वर केला – अन् हळूच खाली घेतला. शेअर विकले की मतही गेलं. उरलेले शेअर जवळजवळ सगळे बायांचे, अन् बायांचा योगीराजवर राग. ठराव पडला! योगीराज घाम पुसत बसला.

बाहेर धुरपताबाईनं गाठलं. "आता तरी सांगा, बायबॅक म्हंजी काय?"

"तुमी म्हणलात तेच," म्हटलं. "बाई वापस."