न प्यायलेल्या पाण्याची व्यवस्था

मी, भूजलाची अभ्यासक, शरीराने खिळखिळी पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टर शेजारीच बसले आहेत. शंका असेल त्याने त्यांना विचारावे.

१. राहते घर भाच्याला. अट एकच: मागच्या खोलीतल्या फ्रीजरचा प्लग काढायचा नाही. "आत्या, एका बाटलीसाठी केवढं वीजबिल!" हे पालुपद आता पुरे. कोर्टाचा निकाल लागण्याआधी प्लगला हात लावलास, तर घर गेले म्हणून समज.

२. ती बाटली. गावच्या पाण्याच्या पाहणीसाठी विहिरीच्या काकूंकडे आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी प्रकल्पातल्या माझ्या परदेशी जोडीदाराला पेलाभर पाणी दिले. तो रसायनशास्त्रज्ञ. पठ्ठ्याने ते न पिता बाटलीत ओतले आणि सील करून वर चिठ्ठी डकवून मोकळा झाला! काकू म्हणाल्या, "माझ्या घरचं पाणी विषारी वाटलं काय याला?" मी भाषांतर केले. त्याने भोळेपणाने उत्तर दिले, "तपासल्यावर कळेल." तेव्हापासून दोघांत अबोला.

३. पुढे तिथे रंगाचा कारखाना आला आणि विहीर नासली. कारखान्याचा वकील म्हणतो, पाणी पहिल्यापासून असेच होते. नव्हते! त्याचा पुरावा म्हणजे तो एकच पेला. पण पाणी आपल्याच विहिरीचे, हे काकूंनी कोर्टात सांगितले तरच. आणि त्या म्हणतात, "तो असेल तिथे मी पाऊल ठेवणार नाही." सुनावणीपर्यंत मी टिकेन असे डॉक्टरांना वाटत नाही. मला भीती वाटते. मरणाची नाही, या दोघांच्या हट्टाची.

४. म्हणून बाटली दोघांना मिळून. पाण्यात काय आहे ते त्याला कळते, पाणी कुठले ते काकूंना. सील समोरासमोरच फोडायचे. आज दोघांनाही बोलावले आहे, काकूंना या कागदावर साक्षीसाठी. त्याची टॅक्सी आली. काकूंचा अजून पत्ता नाही.

५. "रसायन आणि गावगप्पा एकाच अहवालात कशाला?" असे म्हणून आमचा प्रकल्प परत पाठवणाऱ्या विभागप्रमुखांना माझी छत्री. नको, छत्री चांगली आहे. त्यांना काहीच नाही.

ठिकाण: मागची खोली, फ्रीजरशेजारी.
दिनांक: सुनावणीच्या आधीच्या महिन्यातला पहिला सोमवार.
सही: भूजलाची अभ्यासक

साक्षीदार:

१. डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे. आताच माझ्यावर ओरडली.

२. विहिरीच्या काकू. उशीर झाला, वाटेत पाणी विकत घेतलं. त्याला पेल्यात ओतून दिलं. सगळं प्यायला, पेला उलटा करून दाखवला. कोर्टात येते.